पक्कड आणि अपरिग्रह

माणसाला नेमके किती लागते, हा प्रश्न आपल्या ऋषिमुनींनी अरण्यात बसून सोडवला, हे त्यांनी फार बरे केले. अरण्यात हार्डवेअरचे दुकान नसते. पतंजलीच्या पाच यमांत अपरिग्रह आहे, जैनांच्या पाच महाव्रतांत आहे, गांधीजींच्या आश्रमातल्या अकरा व्रतांतही आहे. लागते त्यापेक्षा अधिक जवळ बाळगू नये, असे सगळ्यांनी एकमुखाने सांगून ठेवले आहे. परंतु सहा इंची पक्कड घेतल्यावर वर आठ इंची घेणे हा परिग्रह होतो की नाही, याचा खुलासा मला यांपैकी एकाही ठिकाणी सापडला नाही. आणि गेल्या वर्षी मला नेमका तेवढाच खुलासा हवा होता.

त्याचे असे झाले, की माझा भाचा आयटीआयची दोन वर्षे संपवून इलेक्ट्रिशियन झाला. म्हणजे पुरता झाला नाही. एका कंत्राटदाराकडे शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. (१९६१ च्या कायद्याने 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द जपून ठेवला, हे एक बरे झाले. नाहीतर उमेदवार म्हणजे पाच वर्षांतून एकदा हात जोडून दारात उभा राहणारा इसम, एवढाच अर्थ मराठीत शिल्लक उरला असता. हाताने काम करणाराही उमेदवार असतो हे कोणाच्या ध्यानीमनीही राहिले नसते.)

आमच्या घराण्यात याआधी हाताने करायचे काम म्हणजे सही. आजोबा मामलेदार कचेरीत, वडील शाळेत, मी बँकेत. त्यामुळे दहावीला चांगले पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलाने आपण होऊन वायरी ओढायच्या ठरवल्या, तेव्हा नातेवाईक ताईकडे ज्या चेहऱ्याने येऊन गेले तो चेहरा मी एरवी फक्त दहाव्या-बाराव्या दिवशी पाहिला आहे. "मग पुढे डिप्लोमाला जाईल ना?" असे प्रत्येक जण जाताना विचारी. पोरगे खड्ड्यात पडले आहे हे गृहीत धरून शिडी कुठे ठेवायची तेवढेच काय ते विचारायचे राहिले होते.

भाचा मात्र मजेत होता. त्याने मला एकच सांगितले, "मामा, हत्यारं घ्यायचीत. तू चल."

आता मामाने भाच्याला विद्येच्या आरंभी काहीतरी द्यावे, हे शास्त्राला धरूनच आहे. मुंजीत बटूला पळसाचा दंड, कमरेला मेखला, लंगोटी, भिक्षेची झोळी असे मोजकेच सामान मिळते. शिकाऊ माणसाच्या आवश्यक सामानाची ही बहुधा आपल्याकडची सगळ्यांत जुनी यादी असावी, आणि ती करणाराने कमाल केली आहे असे मला आता वाटते. मोजक्या वस्तू, आणि बारा वर्षांची सोय. ज्यांच्या मुंजी होत नसत त्यांची सोय याहूनही पक्की होती. सुताराच्या पोराला वाकस, पटाशी, रंधा हे बापाकडून मिळत, आणि बापाला त्याच्या बापाकडून. दांडा आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेला असे. काय घ्यावे, किती घ्यावे हा प्रश्नच नव्हता. होते ते घ्यायचे. पण बारा बलुतेदारांत इलेक्ट्रिशियन नाही. मुंबईची ट्राम विजेवर धावू लागली ती १९०७ साली, खोपोलीचे वीजघर सुरू झाले ते १९१५ साली. पणजोबांची पक्कड चालवतो आहे असा वायरमन आपल्याला शोधून काढावा लागेल. माझ्या भाच्याला वारसा म्हणून एक फाउंटन पेन मिळालेले आहे. त्याने २३० व्होल्ट तपासता येत नाहीत.

म्हणून यादी करायला बसलो. यादी करायला बसणे ही आमच्या घराण्याची खरी विद्या.

पहिला सल्ला मी आमच्या मेव्हण्यांचा घेतला. ते निवृत्त अभियंते आहेत आणि निवृत्त झाल्यापासून तर अधिकच अभियंते आहेत. त्यांनी सुवाच्य अक्षरात त्रेचाळीस वस्तू लिहून दिल्या. ओळंबा होता, गिरमिट होते, तीन प्रकारच्या छिन्न्या होत्या आणि शेवटी मेगर होता. मेगर म्हणजे वायरीच्या वेष्टनातून वीज पाझरते की काय ते पाहायचे यंत्र.

"हा रोज लागतो?" मी विचारले.

"रोज नाही हो," ते म्हणाले. "पण लागला तर?"

'लागला तर?' या दोन शब्दांवर आपल्या वर्गाचे सगळे माळे उभे आहेत. तुटकी छत्री, दीड चाकाची तीनचाकी सायकल, आकाशवाणीचे परवाने भरायच्या काळातला रेडिओ, हे सारे वर चढते ते याच शिडीने. अपरिग्रहाचे व्रत मोडायला लोभच लागतो असे नाही. थोडी दूरदृष्टीही पुरते.

दुसरा सल्ला पत्नीचा. ती म्हणाली, "पक्कड कशाला विकत घेताय? घरात आहे की." तिच्या मनात गरम पातेले उतरवायची पक्कड होती. मी हसलो, पण नंतर विचार केला तेव्हा या सबंध प्रकरणात 'आवश्यक' शब्दाचा अर्थ तिलाच सगळ्यांत नीट कळला होता. ती पक्कड आमच्या लग्नातली आहे. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या साठ-सत्तर वस्तू आल्या आणि गेल्या. ही एक दिवस सापडली नाही तर त्या दिवशी चहा होत नाही.

तिसरा सल्ला ताईचा. तिने हत्यारांची नावेच घेतली नाहीत. "अरे, त्याला रबरी तळव्याचे बूट घे आधी," ती म्हणाली. "आणि लाकडी स्टूल." आम्ही दोघे मामा-भाचे मोठ्याने हसलो.

तपकीर गल्लीत दुकानदाराने आम्हांला पाहिले आणि काही न विचारता एक छत्तीस नगांची पेटी उघडली. आत प्रत्येक नग आपापल्या खाचेत निजलेला, चकचकीत. पेटी उघडल्यावर सराफाच्या पेढीवर बसल्यासारखे वाटते. भाच्याने त्यातले सहा नग बोटाने दाखवले आणि म्हणाला, "हे लागतील." उरलेले तीस कशासाठी आहेत हे दुकानदारालाही नीट सांगता येईना. पण तो अनुभवी होता. त्याने पवित्रा बदलला.

"शिकायचंय ना अजून? मग हलकी घ्या. शिकायला हलकीच घेतात. हात बसला की चांगली घ्या."

हे वाक्य वरवर फार शहाणपणाचे आहे. आपण पोराला पहिली बॅट प्लॅस्टिकची देतो, पहिले व्हायोलिन कोणाचे तरी पडून राहिलेले देतो. पहिल्या पोळ्या करणाऱ्या मुलीला उरलेली कणीक देतात. नवशिक्याने नासधूस करायचीच, तर ती स्वस्तात करावी. परंतु यात एक गोम आहे. प्लॅस्टिकच्या बॅटीने खेळणाऱ्याला चेंडूही प्लॅस्टिकचाच टाकतात. विजेचे तसे नाही. तिला शिकाऊ उमेदवार आणि मुख्य अभियंता यांतला फरक कळत नाही. ती उमेदवाराला एकशे पंधरा व्होल्टची सवलत देत नाही. दुकानदाराने दाखवलेल्या हलक्या पक्कडीच्या मुठीवरचे रबर मी जरा ओढून पाहिले, तर ते पायातल्या मोज्यासारखे सरकत हातात आले. ज्याचा हात बसलेला आहे तो कदाचित अशा पक्कडीनेही निभावून नेईल. ज्याचा बसलेला नाही त्याच्या हातात ती द्यायची, आणि चांगली त्याला द्यायची ज्याला तिची गरज सगळ्यांत कमी, हा न्याय कुठला?

हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९२७ साली एका जाडजूड ग्रंथात हातोडीवर बरेच लिहिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की हातोडी नीट चालत असली की ती आपल्याला दिसतच नाही, आपल्याला खिळा दिसतो. हातोडी दिसू लागते ती मोडल्यावर. हे त्याने ज्या भाषेत लिहिले आहे ती जर्मन लोकांनाही जड जाते म्हणतात, पण तपकीर गल्लीत उभे राहिले की चटकन समजते. हलकी पक्कड हातात असली की पोराचे लक्ष पक्कडीकडेच राहणार. आणि वायरीकडे कोण बघणार?

मी म्हटले, "चांगली दाखवा." नाशिकला सातपूरच्या कारखान्यातून येणारी टपारियाची आठ इंची निघाली. तीनशे-चारशेचा मामला. मामाने एवढे करायला हरकत नव्हती.

पण पक्कडीखेरीज आणखी काय, हे ठरेना. तेव्हा भाचा म्हणाला, "मिस्त्रींना विचारू."

ज्यांच्या हाताखाली तो लागला होता ते मिस्त्री साठीचे. अर्धे उपनगर त्यांनी उजळले आहे. त्यांची हत्यारांची पिशवी रेक्झिनची, एक बंद तुटलेला, त्या जागी वायर बांधलेली. त्यांनी ती माझ्यासमोर उपडी केली. पक्कड, टेस्टर, एक मोठा आणि एक लहान डिसमिस, एक पोकर, टेपचे बंडल आणि एका जुन्या होल्डरला दोन वायरी जोडून केलेला बल्ब. बस्स.

"चाळीस वर्षं यावर काढली, साहेब. पोराला पक्कड, टेस्टर, डिसमिस द्या. बाकीचं अडलं की घेईल. अडल्याशिवाय घेतलेलं हत्यार गंजतं."

हे ऐकून मला भगवी वस्त्रे दिसू लागली. पतंजलीला जे मोघम ठेवावे लागले ते मिस्त्रींनी नेमके सांगितले होते. अडेपर्यंत घेऊ नये. अडले की मागे राहू नये. मेव्हण्यांची यादी मी मनातल्या मनात विसर्जित केली.

"टेस्टर तर आहे. मग हा बल्ब कशाला?" मी विचारले.

मिस्त्रींनी टेस्टर हातात घेतला. तो तुम्ही पाहिलेला असतो. आपल्या वर्गाच्या प्रत्येक घरात एक असतोच, लग्नपत्रिका आणि संपलेले सेल यांच्या खणात. त्याच्या पोटात एक निऑनचा बारका दिवा आणि एक भला मोठा रोध असतो. टोक वायरीला लावायचे आणि शेपटीवर बोट ठेवायचे; मग वीज दिव्यातून, रोधातून आणि नंतर चक्क आपल्या अंगातून जमिनीत जाते. अर्थात एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी, म्हणून कळत नाही. म्हणजे टेस्टर ज्याची साक्ष काढतो तो साक्षीदार आपण स्वतः असतो. आपण सुक्या स्टुलावर रबरी चपला घालून उभे राहिलो तर साक्ष मंदावते, आणि लख्ख उन्हात ते मंद लुकलुकणे दिसतही नाही. म्हणजे वायर जिवंत असून टेस्टर 'नाही' म्हणतो. बंद केलेली वायर एखाद्या चालू वायरीला बिलगून दूरवर गेली असेल तर तिच्यातही तो लुकलुकतो. म्हणजे नसताना 'आहे' म्हणतो. न्यूट्रल मध्येच कुठे तुटला असेल आणि एखाद्या दिव्याचे बटण चालू राहिले असेल, तर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि नव्या माणसाला वेड लावतो.

"टेस्टर फक्त सांगतो की घरात कोणीतरी आहे," मिस्त्री म्हणाले. "तो माणूस कामाचा आहे का, ते बल्ब सांगतो."

आणि मग त्यांनी भाच्याला सांगितले ते मला महत्त्वाचे वाटले. वायर मेलेली आहे असे टेस्टर म्हणाला, तर आधी त्याला चालू प्लगमध्ये घालून बघायचे, मग वायरीला लावायचे, मग पुन्हा चालू प्लगमध्ये. कारण मधल्या मधे टेस्टरच मेला असेल तर? आपण माणसांच्या बाबतीत इतकी तसदी घेत नाही. कोणी 'काही धोका नाही, खुशाल हात घाला' असे म्हणाले की आपण घालतो. सांगणारा स्वतः जिवंत आहे की नाही हे तपासत नाही.

इथवर मी मिस्त्रींचा संपूर्ण शिष्य झालो होतो. मग त्यांनी वायर सोलून दाखवली. दातांनी. एक झटका, आणि लाल वेष्टनाचा तुकडा बाजूला थुंकला. त्यांच्या पुढच्या एका दाताला त्यामुळे छान अर्धगोल खाच पडलेली आहे. दीड चौरस मिलिमीटरची वायर तिच्यात बरोबर बसते.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, मला स्ट्रिपर पाहिजे."

"अडलंय कुठे तुझं?" मी मिस्त्रींच्या शास्त्राने विचारले. "दात आहेत की. पक्कडीनेही निघतं म्हणे."

"निघतं. पण आतली एखादी तार कापली जाते. कधी दोन. मग स्क्रूखाली उरलेल्या तारांवर सगळा लोड येतो. जोड तापतो. आज नाही तापत. चार-पाच वर्षांनी तापतो."

"मग ते कोणाला कळतं?"

"कोणालाच नाही. भिंतीत असतं ना ते."

मी गप्प बसलो. तीस वर्षे बँकेत मी जे काही केले ते दुसऱ्या दिवशी कोणीतरी तपासत असे. टाचणीचा हिशेब चुकला तरी लाल शाईने परत येई. हा पोरगा ज्या धंद्यात शिरला होता त्यातले निम्मे काम संध्याकाळपर्यंत प्लॅस्टरखाली जाते. त्यात तार कापली की नाही हे एका त्यालाच माहीत, आणि पुढे कधीतरी एखाद्या बिऱ्हाडाला. मिस्त्रींचा नियम खरा होता, पण अपुरा होता. 'अडलं की घे' हे हत्यार न मिळाल्याने जो अडतो त्याच्यापुरते ठीक आहे. इथे अडणार होते दुसरेच कोणीतरी, आणि तेही पाच वर्षांनी, मध्यरात्री, झोपेत. शिवाय काही हत्यारे अशी असतात की ती नसल्याचे माणसाला एकदाच कळते. तेव्हा मला ताईच्या बुटांची आठवण झाली. तीस मिलिअँपिअर गळती झाली की घरातला ईएलसीबी पडतो; पण नव्या इमारतीत वायरी ओढताना तो ईएलसीबी बसलेला असतोच असे नाही, आणि पावसाळ्यात स्लॅबवर पाणी असते. ताई कधी आयटीआयला गेली नव्हती. तिने फक्त कोण उघडा पडणार आहे एवढेच पाहिले होते. बूट घेतले. स्टूल मात्र राहू दिले. ते रेल्वेत चढवता येत नाही.

आता राहिला कंत्राटदार. हा गृहस्थ मला सज्जन वाटला. तो म्हणाला, "अहो, हत्यारं कशाला घेताय? साइटवर माझी आहेत. तीच वापरायची." फुकटचे पैसे वाचत होते. अपरिग्रह आपण होऊन दारात चालत आला होता. मी भाच्याकडे पाहिले तर त्याचा चेहरा उतरलेला. रात्री उलगडा झाला. साइटवरची पक्कड साइटवरच राहते. रविवारी शेजारच्या काकूंचा पंखा बंद पडला तर पोराने रिकाम्या हाताने नुसते पंख्याकडे बघायचे. उद्या हा कंत्राटदार सोडून दुसरीकडे जावेसे वाटले तर हात हलवत जायचे. ॲरिस्टॉटलने हत्यारांचे दोन प्रकार सांगितले आहेत, निर्जीव आणि सजीव. सुकाणू हे नाखव्याचे निर्जीव हत्यार आणि नाळेवर उभा राहून पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस हे सजीव. कंत्राटदाराच्या वहीत 'शिडी २, ड्रिल १, पोरं ३' अशी नोंद मी स्वतः पाहिली आहे. त्याने ॲरिस्टॉटल वाचला असेल असे वाटत नाही. ज्याच्याकडे स्वतःची पक्कड आहे त्याला त्या यादीतून निदान संध्याकाळी सहानंतर बाहेर पडता येते.

खरे सांगायचे तर 'इतके कशाला?' हा प्रश्न आपण नेहमी दुसऱ्याच्या पिशवीकडे बघून विचारतो. माझ्या टेबलाच्या खणात अकरा पेने आहेत. त्यांतली दोन उठतात. याबद्दल मला आजवर कोणीही जाब विचारलेला नाही, अपरिग्रहावर व्याख्यान तर राहोच. अपरिग्रह व्हायला आधी परिग्रह असावा लागतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काहीच ठेवू नये, हे व्रत नव्हे. ती नुसती परिस्थिती झाली. गांधीजी यंत्रांवर एवढे बोलले, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती.

शेवटी पिशवीत गेले ते असे: आठ इंची पक्कड, टेस्टर, एक चपटा आणि एक चौफुली डिसमिस, स्ट्रिपर, टेप. बूट वेगळे. मल्टिमीटर मी घेत होतो, तो भाच्याने परत ठेवायला लावला. "तो माझ्या पैशांनी घेईन," म्हणाला. पहिल्या खंडेनवमीला ताईने हे सगळे देव्हाऱ्यासमोर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, वर झेंडूची फुले ठेवली. तलवारीला आणि पक्कडीला मराठीत एकच शब्द आहे, 'हत्यार', आणि आमच्या देव्हाऱ्याने त्या अर्थाचे काहीही त्याआधी पाहिलेले नव्हते. दरवर्षी आम्ही तिथे वह्या आणि दौत ठेवत असू. जे नातेवाईक दहाव्याच्या चेहऱ्याने येऊन गेले होते त्यांतल्या दोघांनी आपट्याची पाने देता देता विचारले, "आमच्या गिझरचं जरा बघशील का रे?"

यानंतरच्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. मिस्त्रींच्या पक्कडीचा सांधा ढिला झाला होता. "जरा दे रे," म्हणून त्यांनी याची घेतली आणि ती त्या रेक्झिनच्या पिशवीत गेली, त्याला तीन दिवस झाले.

"मागू का?" त्याने विचारले.

हा प्रश्न मला वाटला तितका सोपा नाही. द्रोणाचार्यांनी एकलव्याला एक अक्षर शिकवले नव्हते आणि अंगठा मागितला. मिस्त्री तर रोज काहीतरी शिकवत होते आणि त्यांनी फक्त पक्कड घेतली होती. त्या मानाने भाव फारच कमी होता. पण अंगठा दिल्यावर एकलव्याने पुढे काय केले हेही कोणी सांगत नाही. मी म्हटले, "चहाच्या वेळी माग. कामाच्या वेळी मागू नकोस."

त्याने मागितली. मिस्त्री म्हणाले, "तुझी होय? मला वाटलं माझीच," आणि लगेच दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी तशीच नवी आणली, त्याच कंपनीची, आठ इंची. ओळखू यावी म्हणून भाच्याने आपल्या पक्कडीच्या मुठीला लाल टेप गुंडाळला. साइटवर त्या आठवड्यात टेप लालच आला होता. त्यामुळे शनिवारपर्यंत उरलेल्या दोन पोरांनीही गुंडाळला, आणि मिस्त्रींनीही.

आता तिथे चार पक्कडी आहेत आणि चारींना लाल टेप आहे. भाचा म्हणतो, माझी कुठली ते मला हातात घेतल्याबरोबर कळतं. मिस्त्रीही तेच म्हणतात.